सर फिरोजशहा मेहता आणि करदात्याची थैली

शहर वाढूं लागलें म्हणजे पाणी, गटारें, रस्ते व दिवे यांची मागणी वाढते, आणि त्यांस लागणारा पैसा अखेर करदात्याच्याच खिशांतून येतो. मग तो कोणीं खर्चावा आणि त्याचा हिशेब कोणीं घ्यावा, हा प्रश्न ज्या पुरुषानें मुंबईंत जन्मभर लढविला, त्या सर फिरोजशहा मेहता यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईस झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८६४ सालीं एम्. ए. होऊन ते विलायतेस गेले व १८६८ सालीं बॅरिस्टर होऊन परतले. त्या वेळीं मुंबईची स्थिति मोठी चमत्कारिक होती. अमेरिकेंतील यादवीमुळें कापसाच्या व्यापारांत आलेला पैशाचा पूर १८६५ सालीं ओसरला होता. त्याच सालच्या कायद्यानें शहराचा कारभार एका कमिशनराच्या हातीं गेला. देखरेख करावयाची ती सरकारनें नेमलेल्या जस्टिस मंडळींनीं. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड धडाडीचा गृहस्थ खरा. त्यानें रस्ते सुधारले, स्वच्छतेची व्यवस्था लाविली, मंडई उभारिली. परंतु खर्चाचा उत्पन्नाशीं मेळ राहिला नाहीं, आणि १८७१ सालीं करदाते खवळून उठले.

अशा वेळीं क्रॉफर्डवर तुटून पडणें हाच लोकप्रियतेचा सोपा मार्ग होता. सव्वीस वर्षांच्या या बॅरिस्टरानें तो सोडून दिला. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेंत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, दोष एका माणसाचा नसून घटनेचा आहे. अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी, मात्र त्यावर करदात्यांनीं निवडलेल्या सभेचा अंकुश असावा. श्रोत्यांस हें मुळींच रुचलें नाहीं. तथापि १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें. पुढें १८८८ चा कायदा होतांना काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्यासह फिरोजशहा कायदेमंडळांत होते. तोच कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

लोकनियुक्त सभा म्हणजे कामाचा खोळंबा, असें नोकरशाहीचे कैवारी म्हणत. त्यांस तानसानें उत्तर दिलें. विहारचें पाणी १८६० सालीं आलें, तुळशीचें १८७९ सालीं. पण वाढत्या वस्तीस तें पुरेना. तेव्हां याच कॉर्पोरेशनच्या कारकीर्दींत सुमारें ५५ मैलांवरून तानसाचें पाणी १८९२ सालीं शहरांत आलें. कर्ज ज्यांच्या माथीं बसावयाचें, त्यांचे प्रतिनिधि त्या सभेंत बसत होते.

याच्या उलट प्रकार सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ सालीं सरकारनें ही निराळी संस्था काढली. म्युनिसिपालिटीनें पैसा भरावा, पण ट्रस्टवर बहुमत तिच्या प्रतिनिधींचें नसावें, अशी ही योजना होती! सँढर्स्ट रोड व प्रिन्सेस स्ट्रीट हे रुंद रस्ते ट्रस्टनें केले, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी अखेर १९३३ सालीं तिचें काम म्युनिसिपालिटीकडेच सोंपवावें लागलें.

राजकारणांत फिरोजशहा नेमस्त होते. १९०७ च्या सुरत काँग्रेसच्या वेळचें त्यांचें धोरण आम्हांस मान्य नाहीं. परंतु त्याच सालीं त्यांस कॉर्पोरेशनमधून हुसकण्यासाठीं अधिकारी मंडळींनीं कट रचला, यावरून सरकारास त्यांची केवढी धास्ती होती तें दिसतें. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांचा पुतळा आज महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे. परंतु १८७१ सालचा धडा आपण गिरविला काय? अगदीं अलीकडे, मार्च २०२२ मध्यें सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न होतां सारा कारभार प्रशासकाच्या हातीं राहिला. प्रशासक कर्तबगार होता कीं नव्हता, हा वाद आम्हांस येथें करावयाचा नाहीं. क्रॉफर्डही कर्तबगारच होता. रस्ते व पूल कोणीही बांधील. पण ज्याची थैली त्याचाच हिशेबावर हक्क, हें तत्त्व सुटलें तर करदाता नागरिक राहत नाहीं, केवळ कर भरणारें कूळ होतो. म्हणून मुदतींत निवडणूक मागणें हें प्रत्येक करदात्याचें कर्तव्य होय.