रावबहादूर धुरंधर : अध्यापनाची चाकरी आणि चित्रसाधना

मराठीतील आत्मचरित्रांचा विचार करताना साहित्यिक, समाजसुधारक व नट यांच्या आत्मकथनांकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष गेले, तेवढे चित्रकाराच्या आत्मकथनाकडे गेलेले नाही. महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे १९४० साली प्रसिद्ध झालेले ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे असेच एक उपेक्षित पुस्तक होय. आयुष्याची गणना लेखकाने येथे चित्रांनी न करता संस्थेतील वर्षांनी केली आहे. ही गोष्ट लक्षणीय आहे. काहीशी अस्वस्थ करणारीही आहे.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेव्हा तेथे जॉन ग्रिफिथ्स प्रमुख होते. आपल्या वऱ्हाडच्या सीमेलगतच्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. या गुरूचे प्रोत्साहन धुरंधरांना लाभले. १८९५ साली ‘आलीस का ग लक्ष्मी?’ या चित्रास बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढील वर्षी ते त्याच संस्थेत अध्यापक झाले. त्याच सुमारास मुंबईत प्लेगचा कहर सुरू झाला आणि त्यात त्यांची प्रथम पत्नी दगावली.

यानंतरचा काळ हा खरा अभ्यासाचा विषय आहे. शिक्षक, हेडमास्तर, चित्रकला निरीक्षक अशा पायऱ्या ते चढत गेले. एवढ्या कारकुनी भारात कोणाचाही कुंचला सुकला असता. धुरंधरांचा सुकला नाही. १९१२ मध्ये एडवर्ड्स यांच्या मुंबईविषयक पुस्तकासाठी, १९१४ मध्ये किंकेड यांच्या दख्खनी व्रतकथांच्या संग्रहासाठी आणि त्यानंतर रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथासाठी त्यांनी चित्रे काढली. मुंबईच्या रस्त्यावरील माणसांची पोस्टकार्डे रंगविण्यातही त्यांना कमीपणा वाटला नाही. नवी दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीचे काम स्कूलकडे आले, तेव्हा साठीच्या घरात असूनही ते त्यात सहभागी झाले. विद्यार्थ्याला उत्तेजन कशाने मिळते, याचे उत्तर मला येथे सापडते. गुरुजी स्वतः अजून परीक्षेला बसत आहेत, त्यांचेही चित्र प्रदर्शनात टांगले जाते व त्यावर बरेवाईट बोलले जाते, हे त्याला दिसत असले पाहिजे. पीएच. डी. पदरात पडताच लेखणी खाली ठेवणाऱ्या आम्हां प्राध्यापकांना हे थोडे बोचेल; बोचावेच.

निरीक्षक म्हणून धुरंधरांची हद्द मुंबई इलाख्यापुरती होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला असल्याने बार्शीटाकळीच्या शाळेपर्यंत त्यांची तपासणी पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही येथील कालिकादेवीच्या बाराव्या शतकातील मंदिरापुढे वही घेऊन बसलेला, एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा पाहिला की मला धुरंधरांचीच आठवण होते.

त्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. युरोपीय यथार्थदर्शी रीतीवरील त्यांची निष्ठा ढळली नाही. बंगालमधील पुनरुज्जीवनवादी चित्रकारांचा मार्ग त्यांना आपला वाटला नाही. आत्मचरित्रातही पदके, बढत्या व वरिष्ठांची मर्जी यांना बरीच जागा मिळाली आहे. चित्र घडताना मनात काय चालले होते, याविषयी ते संकोचाने बोलतात. हा दोष त्यांचा एकट्याचा नसून परक्या सरकारच्या चाकरीत वाढलेल्या पिढीचा आहे, असे मला वाटते.

१९३१ साली ते सेवानिवृत्त झाले. निवृत्तीपूर्वी काही काळ संस्थेच्या संचालकपदाची सूत्रेही त्यांच्या हाती आली होती. त्याच वर्षी त्यांची कन्या अंबिका त्याच संस्थेतून चित्रकलेची पदविका घेऊन बाहेर पडली. तिचे पहिले शिक्षक घरातच होते. १ जून १९४४ रोजी धुरंधरांचे निधन झाले. त्यानंतर २००९ मध्ये आपले निधन होईपर्यंत वडिलांच्या चित्रांचा ठेवा अंबिकाबाईंनी सांभाळला. स्वतःची चित्रे काढणेही सोडले नाही.