रमाबाई रानडे
रमाबाई महादेव रानडे (जन्म: २५ जानेवारी १८६२, मृत्यू: १९२४) या मराठी समाजसेविका व लेखिका होत्या. पुण्याच्या सेवासदन संस्थेमार्फत हिंदू स्त्रियांना, विशेषतः तरुण विधवांना, परिचारिका-शिक्षणाची वाट खुली करून देणे हे त्यांचे महत्त्वाचे कार्य मानले जाते.

बालपण आणि विवाह

रमाबाईंचा जन्म आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. मुलींना शिकवण्याची रीत त्या घरात नव्हती. १८७३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे त्या वेळी ३१ वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही वडिलांच्या आग्रहामुळे त्यांनी हा विवाह केला, म्हणून त्यांच्यावर बरीच टीका झाली. विवाहानंतर लगेच त्यांनी पत्नीला लिहावाचायला शिकवण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा याला तीव्र विरोध होता. त्यांचे टोमणे व अबोला रमाबाईंना अनेक वर्षे सोसावा लागला.

नाशिक व धुळे

१८७८ मध्ये रानडे यांची पुण्याहून नाशिकला आणि पुढील वर्षी धुळ्यास बदली झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या उठावानंतर पुण्यातील सुशिक्षितांविषयी सरकारला संशय वाटू लागला होता व खानदेशातील ही बदली त्याचाच परिणाम समजली जाते. धुळ्यास रानडे यांची पत्रे फोडून पाहिली जात. फडक्यांच्या नावाची बनावट पत्रेही त्यांना येत आणि ती ते अधिकाऱ्यांकडे पाठवून देत. पुण्याच्या घरातील कलहापासून दूर असलेल्या या काळात रमाबाईंचे शिक्षण मात्र चालू राहिले. १८८१ च्या आरंभी रानडे मुंबईस गेले आणि त्यांचा खानदेशातील मुक्काम संपला.

पुण्यात परतल्यावर पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात त्या काम करू लागल्या. मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीतून निवेदन वाचले. ही शाळा १८८४ मध्ये सुरू झाली व पुढे हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आली.

सेवासदन आणि परिचारिका-शिक्षण

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले, त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे आले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्याने त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले. संस्थेचे वर्ग रानडे यांच्या वाड्यातच भरू लागले.

पुण्यातील ससून रुग्णालयात विद्यार्थिनींना परिचारिकेचे शिक्षण मिळावे, अशी व्यवस्था संस्थेने केली. त्या काळी भारतात हा व्यवसाय मुख्यतः युरोपीय, अँग्लो-इंडियन व ख्रिस्ती स्त्रियांच्या हाती होता. परजातीच्या रुग्णाला स्पर्श करणे, मलमूत्र काढणे, रात्रपाळी करणे आणि परपुरुषांमध्ये वावरणे या गोष्टी उच्चवर्णीय घरांना अशक्य वाटत. वास्तविक प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात विषमज्वर किंवा पटकीच्या रुग्णाचा जीव पुष्कळदा शुश्रूषेवरच अवलंबून असे. रुग्णाच्या पोटात किती पाणी गेले, लघवी झाली की थांबली, तो शुद्धीवर आहे की ग्लानीत, हे खाटेपाशी बसणाऱ्या व्यक्तीलाच आधी कळे. तरीही या कामाला प्रतिष्ठा नव्हती. रमाबाई पालकांची समजूत घालत. माहेरी वा सासरी आश्रित म्हणून दिवस काढणाऱ्या विधवांना स्वतःच्या कमाईवर जगण्याचा मार्ग यातून मिळाला. आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका स्त्री-यात्रेकरूंच्या मदतीस जात.

अन्य कार्य

येरवडा कारागृहातील स्त्री-कैद्यांना भेटण्यासाठी त्या नियमाने जात. मुलींचे सक्तीचे प्राथमिक शिक्षण व स्त्रियांचा मताधिकार या मागण्यांसाठीही त्यांनी चळवळ केली. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार १९२१ मध्ये मिळाला.

लेखन

‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हे त्यांचे पुस्तक मराठीतील आरंभीच्या स्त्री-आत्मकथनांपैकी एक आहे. मात्र त्यात स्वतःपेक्षा पतीविषयीच अधिक लिहिलेले असून सेवासदनाच्या कार्याची हकिगत त्यातून फारशी मिळत नाही.

स्मृती

१९६२ मध्ये भारतीय डाक विभागाने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल तिकीट काढले. २०१२ मध्ये झी मराठी वाहिनीवर सुरू झालेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका त्यांच्या जीवनावर आधारित होती.