कडधान्यांतील प्रथिनांच्या अभ्यासक : कमला सोहोनी

छत्रपती संभाजीनगरच्या शिवारात तूर, सोयाबीन घेताना कमला सोहोनी यांचे काम लक्षात ठेवा.

१९११ मध्ये जन्मलेल्या कमलाबाईंना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. १९३३ मध्ये अटींवर प्रवेश मिळवला, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली.

पुढे मुंबईत त्यांनी कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधक घटक अभ्यासले. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर, म्हणजेच शरीरातील उत्प्रेरक. कच्च्या दाण्यातील रोधक त्याला अडवतो, प्रथिने नीट पचत नाहीत. उष्णतेने रोधक निकामी होतो.

म्हणून कोंबड्यांना, लहान वासरांना कच्चे सोयाबीन देऊ नका. नीट भाजून किंवा शिजवूनच द्या.

कमलाबाईंचे निधन १९९८ मध्ये झाले.