मंदमति बालकांचे गुरु : डॉ. सेग्वीन

जें मूल वय वाढूनहि बोलत नाहीं, ज्याच्या हातांत दिलेली वस्तु टिकत नाहीं, ज्याची दृष्टि एके ठिकाणीं ठरत नाहीं, त्याच्याविषयीं लोक लवकर निकाल देतात. कोणी त्यास वेडें म्हणतो, कोणी आईबापांच्या पापाचें फळ म्हणतो. आणि मग दोन वेळां जेवूं घालण्यापलीकडे त्याच्यासाठीं कांहीं करावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं. हा निकाल खोटा आहे, असें ज्यांनीं श्रमानें सिद्ध केलें, त्यांचें चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करितों.

एडवर्ड सेग्वीन यांचा जन्म फ्रान्स देशांत क्लाम्सी या गांवीं २० जानेवारी १८१२ रोजीं झाला. पॅरिस शहरीं वैद्यक शिकत असतां त्यांस डॉ. इतार हे गुरु लाभले. आव्हेरों प्रांतांतील रानांत सांपडलेल्या एका मुलास शिकविण्यासाठीं इतार यांनीं १८०१ सालापासून सुमारें पांच वर्षें खटपट केली होती. तो मुलगा पुष्कळ सुधारला, परंतु बोलूं लागला नाहीं, म्हणून इतार निराश झाले होते. अशीं मुलें शिकूं शकत नाहींत, असेंच त्या काळचे मोठमोठे वैद्य मानीत. तरीहि या वृद्ध गुरूच्या सल्ल्यानें सेग्वीन यांनीं एका मंदमति मुलास हातीं घेतलें. दीड वर्षांत तो मुलगा बोलूं, लिहूं व मोजूं लागला.

पुढें त्यांनीं पॅरिस येथें अशा मुलांसाठीं शाळा काढिली, व १८४२ सालीं बिसेत्र येथील रुग्णालयांतील मुलांस शिकविण्याचें काम पत्करिलें. तेथील अधिकाऱ्यांशीं त्यांचें पटलें नाहीं, व लवकरच तें काम सुटलें. पण शिकविणें सुटलें नाहीं. १८४६ सालीं त्यांनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

ही पद्धति काय होती? दुसरे शिक्षक पुस्तकापासून आरंभ करीत; सेग्वीन यांनीं शरीरापासून आरंभ केला. ज्या मुलाचा हात कांहीं धरीत नाहीं, त्यास शिडीच्या दांड्या धरून चढावयास लावावें. पाय स्थिर व हात बळकट झाले म्हणजे इंद्रियांस वळण द्यावें : गरम व गार, खरखरीत व गुळगुळीत हे भेद स्पर्शानें कळवावे, रंग व आवाज ओळखावयास लावावे. लांकडी फळींत गोल, चौकोनी, तिकोनी अशीं भोंकें पाडून त्यांत त्या त्या आकाराचे तुकडे बसवावयास द्यावे. अक्षरांपूर्वीं साध्या रेघा काढावयास शिकवाव्या. अशा रीतीनें हातापासून डोळ्यांकडे, डोळ्यांपासून बुद्धीकडे, व शेवटीं स्वतःच्या इच्छेनें काम करण्याकडे मुलास न्यावें. प्रत्येक पायरीस किती दिवस लागतील हें त्या मुलावरून ठरे, शिक्षकाच्या सोयीवरून नव्हे. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी ती आकारांची फळी मुलांची पारख करण्यासाठीं आपल्या देशांतहि वापरली जाते.

१८४८ सालच्या राज्यक्रांतीनंतर फ्रान्समधील वारें बदललें, तेव्हां सुमारें १८५० सालीं सेग्वीन अमेरिकेस गेले. तेथें मॅसॅच्युसेट्स प्रांतांत अशा मुलांच्या शाळा नुकत्याच निघाल्या होत्या. त्यांस त्यांच्या अनुभवाचा मोठा आधार झाला. १८६६ सालीं त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ निघाला, व १८७६ सालीं अशा संस्थांच्या वैद्याधिकाऱ्यांनीं मंडळ स्थापिलें तेव्हां पहिले अध्यक्ष तेच झाले. २८ ऑक्टोबर १८८० रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें मात्र त्या देशांतील पुष्कळ संस्था शिकविण्याचें काम सोडून मुलांस कोंडून ठेवण्याचीं घरें बनल्या, ही दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे.

परंतु बीं वांया गेलें नाहीं. रोम शहरीं डॉ. माँटेसरी बाईंनीं सेग्वीन यांचे ग्रंथ स्वतःच्या हातानें उतरून अभ्यासिले, आणि त्याच साधनांवरून सर्व बालकांच्या शिक्षणाची रीति बसविली. १९३९ सालीं त्या मद्रासेस आल्या. त्यांचीं तत्त्वें आपल्या खेड्यांस साजतील अशीं करून ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें गरिबांच्या मुलांसाठीं काम आरंभिलें.

सेग्वीन यांनीं सगळीं मुलें बरीं केलीं असें नाहीं. कित्येक मुलें थोडेंच शिकलीं. पण स्वतःच्या हातानें घांस घेणें, अंगांत सदरा घालणें, एक शब्द बोलणें, हेंहि ज्या घरांत कधीं घडलें नव्हतें तेथें तें लहान नव्हे. आपल्या वाडीवस्तींत असें मूल कोपऱ्यांत बसलेलें दिसेल, तर प्रिय वाचकहो, त्यास काय येत नाहीं हें विचारूं नका. त्याच्या हातास आज काय साधेल तें पाहा, व तेथून आरंभ करा.