फायबरग्लासचा मुखवटा आणि हट्टी जाक प्लांट

आपण हजारोंचा फोन घेतला की आधी टेम्पर्ड ग्लास लावतो. मीही लावतो, आणि तरी दोन स्क्रीन फोडून बसलोय. पण जाक प्लांटची गोष्ट वाचली आणि चक्रावलोच. हा माणूस चेहऱ्याला संरक्षण मागत होता आणि त्याचा कोच नाही म्हणत होता!

प्लांट कॅनडातल्या क्यूबेकचा, जन्म १९२९ चा. अकरा भावंडांत थोरला. दम्यामुळे बर्फावर फार वेळ पळता यायचं नाही, म्हणून आइस हॉकीत गोलपोस्टसमोर उभा राहिला. स्वतःच्या लोकरीच्या टोप्या स्वतः विणायचा. पुढे माँट्रियल कॅनेडियन्सकडून त्याने सहा स्टॅनले कप जिंकले, त्यातले पाच सलग, १९५६ ते १९६०.

आता मुद्द्याचं. आइस हॉकीत चेंडू नसतो, ‘पक’ असतो. कडक रबराची जाड चकती, वजन साधारण १७० ग्रॅम, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर सहज. आणि त्या काळी गोलकीपर उघड्या चेहऱ्याने उभे राहायचे! १९३० मध्ये क्लिंट बेनेडिक्टने काही सामने चामड्याचा मुखवटा घातला होता, पण ती पद्धत रुजली नाही.

फायबरग्लास कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोरने प्लांटला मार लागताना पाहिलं आणि मुखवटा बनवायची तयारी दाखवली. आधी चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा, मग त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन. रेझिन सुकलं की हलकं, कडक कवच तयार. पक एका बिंदूवर आदळला तरी धक्का मोठ्या भागावर पसरतो. सरावात चालेल, पण सामन्यात नाही, असं कोच टो ब्लेक यांचं म्हणणं. मुखवट्याने पायाजवळचा पक दिसणार नाही, ही त्यांना भीती.

१ नोव्हेंबर १९५९, न्यूयॉर्क. अँडी बाथगेटचा फटका थेट चेहऱ्यावर. रक्तबंबाळ प्लांट आत गेला, टाके पडले. संघाकडे दुसरा गोलकीपरच नव्हता, तेव्हा तशी पद्धतच होती. प्लांटने सांगून टाकलं, मुखवट्याशिवाय बाहेर येणार नाही. ब्लेक यांचा नाइलाज झाला. माँट्रियल ३-१ ने जिंकलं आणि पुढेही जिंकत राहिलं. मार्च १९६० मध्ये कोचच्या आग्रहाने एक सामना तो पुन्हा मुखवट्याविना खेळला. तो हरला. मग विषयच संपला.

पहिल्या मुखवट्यात खोट होतीच. तो चेहऱ्याला चिकटून बसायचा, त्यामुळे धक्का हाडापर्यंत पोचायचा आणि आत घामाची आंघोळ. लवकरच फायबरग्लासच्या पट्ट्यांचा, हवा खेळती ठेवणारा मुखवटा आला. १९७० च्या अंतिम फेरीत सेंट लुईसकडून खेळताना पक कपाळावर बसून मुखवटा फुटला, प्लांट बेशुद्ध पडला, पण वाचला.

कोच म्हणून त्याचा एकच मोसम, १९७३-७४, क्यूबेक नॉर्डिक्स. संघ प्लेऑफला पोचला नाही आणि हा पठ्ठ्या पंचेचाळिशीत पुन्हा एडमंटनकडून खेळायला उतरला! त्याचा खरा हातखंडा एकेका गोलकीपरला घडवण्यात होता. टोरँटोत त्याच्याकडून कोन आणि उभं राहणं शिकलेल्या बर्नी पॅरंटने १९७४ आणि १९७५ मध्ये फिलाडेल्फियाला कप मिळवून दिला. पुढे फिलाडेल्फियानेच प्लांटला गोलकीपर शिकवायला बोलावलं.

१९८६ मध्ये जिनिव्हात तो गेला. एनएचएलमधला शेवटचा उघड्या चेहऱ्याचा गोलकीपर अँडी ब्राउन, पिट्सबर्गचा. त्याचा तिथला शेवटचा सामना एप्रिल १९७४ मध्ये झाला, प्लांटच्या त्या कोचिंगच्या मोसमातच.