श्रीमंत सयाजीराव महाराज आणि धर्माचे अध्ययन

श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांचे नाव निघताच सक्तीचे शिक्षण आणि गावोगावची मोफत वाचनालये आठवतात. धर्म हा शिकण्याचा, तपासण्याचा विषय आहे, हा त्यांचा आग्रह मात्र विस्मरणात गेला आहे.

११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या गोपाळरावांस १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. तोवर अक्षरओळखही न झालेल्या या मुलाने पुढे १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १८८१ च्या अखेरीस राज्याधिकार हाती येताच त्यांनी अंत्यज मुलांसाठी शाळा काढण्यास आरंभ केला. त्या शाळांत शिकवावयास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. अखेर मुसलमान शिक्षक नेमावे लागले. धर्माच्या नावाखाली काय चालते, याचा याहून बोलका धडा कोणता असणार?

दुसरा धडा राजवाड्यातच मिळाला. महाराजांस वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही, यावर वाद माजला. १८९६ मध्ये त्यांनी राजवाड्यातील विधी वेदोक्त पद्धतीने सुरू करविले. अधिकार सांगणाऱ्यास मंत्राचा अर्थ तरी कळतो काय, ही शंका त्यांच्या मनात घर करून राहिली असावी. १९१५ च्या हिंदु पुरोहित कायद्याने पौरोहित्यासाठी परीक्षा आवश्यक ठरविली. जे शिक्षकास लागू तेच भटजीस! सनातनी मंडळी रुष्ट झाली, यात नवल नाही.

याच सुमारास बडोदा महाविद्यालयात धर्मांच्या तौलनिक अभ्यासाची सोय झाली. त्यासाठी आल्बन विजरी हे इंग्रज तत्त्वज्ञ प्राध्यापक नेमले गेले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९२२ मध्ये बडोद्यातूनच प्रसिद्ध झाला. एखाद्या पंथाची दीक्षा देणे वेगळे आणि अनेक धर्मांची ओळख करून देणे वेगळे, हा भेद येथे प्रत्यक्षात उतरला. पुढे भारतीय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षणास मनाई केली, आणि धर्मांविषयीचा अभ्यास त्या मनाईत येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. न्यायालयात गेलेल्या या प्रश्नाची उकल एका संस्थानिकाने कितीतरी आधी करून पाहिली होती.

वयाच्या सत्तराव्या वर्षी, १९३३ साली, महाराज शिकागोच्या विश्वधर्म परिषदेत बोलावयास गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.