श्वासातला वायू मोजणारे जॉन टिंडल कोण होते?

श्वासात कोणते वायू आहेत, हे आता लेझर फ्रिक्वेन्सी कोम्बने ओळखता येतं. कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या हजारो प्रकाशरेषा वायूतून सोडायच्या. प्रत्येक रेणू ठरावीक रेषाच शोषतो, त्यावरून तो कोणता हे कळतं. ही वाट मागे जॉन टिंडल यांच्या पितळी नळीपर्यंत जाते.

जन्म १८२० चा, आयर्लंडमधला. आधी जमीन मोजणी, मग रेल्वेचं सर्वेक्षण आणि २८ व्या वर्षी थेट जर्मनीत शिकायला (आजच्या भाषेत करिअर स्विच!). १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

१८५९ मध्ये त्यांनी नळीत एकेक वायू भरून त्यातून उष्णता सोडली आणि पलीकडे किती पोहोचते ते मोजलं. नळीची तोंडं सैंधवाच्या चकत्यांनी बंद केली होती, कारण काचच उष्णता अडवते. ऑक्सिजन, नायट्रोजनने ती जवळपास सगळी जाऊ दिली. कार्बन डायऑक्साइड आणि बाष्पाने अडवली. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइडही असाच मोजला गेला.

मात्र कार्बन डायऑक्साइड उन्हात जास्त तापतो, हे अमेरिकेच्या युनिस फूट यांनी १८५६ मध्येच दाखवलं होतं. टिंडल यांच्या लेखात त्यांचा उल्लेख नाही.

टिंडल यांना निद्रानाश होता. १८९३ मध्ये पत्नी लुइसा यांच्या हातून चुकून क्लोरलचा जादा डोस दिला गेला आणि ते गेले. लुइसा उरलेलं आयुष्य त्यांच्या चरित्रासाठी कागदपत्रं जमवत राहिल्या. ते १९४५ मध्ये छापून आलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या.